सर जॉन चार्नली: खुब्याच्या कृत्रिम सांध्यामागचा डॉक्टर

खुबा किंवा गुडघा बदलायचा ठरला की परभणीच्या माझ्या ओपीडीत जिंतूर-गंगाखेडकडचे नातेवाईक हमखास विचारतात, नवीनच निघालेला सांधा बसवावा का? तेव्हा मला सर जॉन चार्नली आठवतात.

त्यांचा जन्म 1911 चा, इंग्लंडमधल्या बरी गावचा. वडील औषधविक्रेते, आई नर्स. मँचेस्टरला डॉक्टर झाले, महायुद्धात लष्करात काम केलं आणि पुढे राइटिंग्टनच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचं केंद्र उभारलं.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. चार्नलींनी गोळा स्टीलचा केला, वाटी टेफ्लॉनची. रुग्णांचं दुखणं थांबलं, अंथरुणावरची माणसं चालू लागली. सुमारे 300 जणांना हा सांधा बसला. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खाल्लं. ज्यांना चालतं केलं, त्यांनाच पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. टेफ्लॉन शरीरात काय करतं हे पाहायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. तिथे गाठ आली. (आज असं कुणी करू नये, करू देणारही नाहीत.)

1962 मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी एक वेगळं प्लास्टिक, पॉलिथिलीन, झीज मोजायच्या यंत्रावर लावलं. चार्नलींना आधी त्यात दम वाटला नव्हता. पण ते फारच कमी झिजलं. त्याच नोव्हेंबरपासून त्याच्या वाट्या बसू लागल्या. यावेळी मात्र त्यांनी घाई केली नाही. आधी राइटिंग्टनला येऊन शिकेल त्याच सर्जनला सांधा मिळे. रुग्णांना वर्षानुवर्षं एक्स-रेसाठी बोलावलं जाई. मृत्यूनंतर सांधा काढून तपासू द्यावा, अशी विनंतीही ते रुग्णांना करत आणि अनेकांनी ती मानली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ऑपरेशनच्या जागी गाळलेली स्वच्छ हवा सोडण्याची सोयही त्यांनी केली.

1977 मध्ये ते सर झाले, 1982 मध्ये वारले. कोणता सांधा किती वर्षं टिकला याच्या देशव्यापी नोंदी स्वीडनने 1970 च्या दशकातच सुरू केल्या होत्या, गुडघ्याच्या 1975 पासून आणि खुब्याच्या 1979 पासून. गुडघ्याच्या सांध्यातही आज दोन धातूंच्या मधे बहुधा पॉलिथिलीनच असतं.

म्हणून सर्जनना विचारा, हा सांधा किती वर्षं, किती रुग्णांत पाहिलेला आहे? दुखत नसलं तरी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढा. आणि सांध्याचं नाव-नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये आहे का, ते घरी निघण्याआधी बघून घ्या.