बंधु आल्बर्ट : सैनिक, चित्रकार व निराश्रितांचे सोबती

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या निमित्तानें एखादें संतचरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आमच्या मनांत आलें, तेव्हां पुष्कळ परिचित नांवें बाजूस ठेवून आम्हीं पोलंडच्या संत आल्बर्ट ख्मेलोव्स्की ह्यांची निवड केली. ज्यांनीं हातीं घेतलेलें बहुतेक सर्व कांहीं प्रथम अर्धवटच राहिलें, अशा संताची ओळख आपणांस असणें आम्हांस फार अगत्याचें वाटतें.

त्यांचें मूळ नांव आदाम. २० ऑगस्ट १८४५ रोजीं क्राकोव शहरानजीक इगोलोम्या गांवीं त्यांचा जन्म झाला. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपलें. त्या काळीं पोलंड हें राष्ट्र नकाशावर नव्हतें. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनीं तें आपसांत वांटून घेतलें होतें. १८६३ सालीं रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हां पुलावी येथें शेतकीचें शिक्षण घेणारे आदाम त्यांत सामील झाले. ३० सप्टेंबर रोजीं मेल्खूव येथील लढाईंत ते जबर जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडले, आणि त्यांचा डावा पाय भूल न देतांच कापण्यांत आला. वय अवघें अठरा! तेथून पुढें सारा जन्म त्यांनीं कृत्रिम पायावर काढला.

पुढें पॅरिस, घेंट व म्यूनिक येथें शिक्षण झालें. १८७० नंतर म्यूनिकच्या कलाशाळेंत त्यांनीं चित्रकलेचा कसून अभ्यास केला आणि १८७४ सालीं ते मायदेशीं परतले. चित्रकार म्हणून नांव होऊं लागलें, मित्र मिळाले. परंतु कलेची उपासना करतांना आपण स्वतःचीच तर पूजा करीत नाहीं ना, ह्या प्रश्नानें त्यांस ग्रासलें. १८७९ च्या सुमारास त्यांनीं काटेरी मुकुट घातलेल्या, फटक्यांनीं जर्जर झालेल्या ख्रिस्ताचें चित्र आरंभिलें. ‘एक्चे होमो’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. तें पुरें होईना. वर्षांमागून वर्षें तें तसेंच राहिलें.

१८८० सालीं त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. कांहीं महिन्यांतच त्यांचें मन पार खचलें. आपण पापांत बुडालों, आपणांस तारण नाहीं, ह्या भयानें त्यांस घेरलें. संघ सोडावा लागला व मनोरुग्णालयांत राहावें लागलें. हा भाग चरित्रकार कधीं कधीं घाईनें उरकतात. आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. आपल्या घरांतूनहि असें दुखणें येतें, आणि लोक काय म्हणतील म्हणून आपण तें दाराआड दडवितों. आदामच्या भावानें तें दडविलें नाहीं. त्यानें त्यांस आपल्या घरीं नेलें. बरेच महिने ते कोणाशीं बोलेनात. १८८२ सालीं एके दिवशीं शेजारच्या खोलींत एक धर्मगुरु देवाच्या दयेविषयीं भावाशीं बोलत होते, तें त्यांच्या कानीं पडलें. ते उठले, पापनिवेदन केलें, आणि पुनः कुंचला हातीं धरला.

१८८४ सालीं ते क्राकोवला आले. तेथें काझिमेझ भागांत, हिंवाळ्यांत बेघरांनीं ऊब घ्यावी म्हणून नगरपालिकेनें एक जागा ठेवली होती. दारुडे, चोर, बेकार, आजारी असे सर्व तेथें जमिनीवर एकमेकांस चिकटून पडत. आदाम प्रथम चित्रें विकून मदत करीत. पण बाहेरून दिलेलें दान पुरत नाहीं, त्यांच्यांतच जाऊन राहिलें पाहिजे, हें त्यांस उमगलें. १८८७ सालीं त्यांनीं करडा झगा अंगीं चढविला व आल्बर्ट हें नांव घेतलें. १८८८ च्या ऑगस्टांत कार्डिनल दुनायेव्स्की ह्यांच्यासमोर व्रतें घेतलीं, आणि १ नोव्हेंबर रोजीं ती जागा आपल्या ताब्यांत घेतली. स्वच्छता केली, अन्नाची सोय केली, धडधाकटांस काम दिलें. धान्यासाठीं बाजारांत हिंडून भिक्षा मागितली. एका पायानें, हें वाचकांनीं विसरूं नये. भगिनींचा संघ १८९१ सालीं निघाला. बेर्नार्दिना याब्वोन्स्का ह्यांनीं पुढें त्याची धुरा वाहिली.

सन १९१६ च्या नाताळाच्या दिवशीं, पोटाच्या कर्करोगानें, त्याच निराश्रितांच्या आश्रमांत त्यांनीं देह ठेविला. दोनच वर्षांनीं पोलंड स्वतंत्र झाला.

क्राकोवच्या एका तरुण धर्मगुरूनें पुढें त्यांच्यावर एक नाटक लिहिलें. तेच पोप जॉन पॉल दुसरे. १९८६ सालीं मुंबई, पुणें व गोवा येथें आपल्यापैकीं कित्येकांनीं त्यांचें दर्शन घेतलें असेल. त्यांनींच १९८३ सालीं आल्बर्ट ह्यांस धन्य व १२ नोव्हेंबर १९८९ रोजीं संत म्हणून घोषित केलें.

आणि तें चित्र? ल्वूवचे ग्रीक कॅथोलिक महाधर्मगुरु शेप्तित्स्की ह्यांस तें फार आवडलें, तेव्हां बंधु आल्बर्टांनीं राहिलेला भाग घाईघाईनें रंगवून तें त्यांस देऊन टाकलें. आज तें क्राकोव येथें आल्बर्टच्या भगिनींच्या मंदिरांत वेदीवर आहे. ख्रिस्ताच्या खांद्यावरील तांबड्या झग्याचा आकार हृदयासारखा दिसतो, असें पाहणारे सांगतात.