राजर्षी शाहू महाराज

निपाणीहून अंबाबाईच्या दर्शनास निघालो की वाटेत कागल लागते. तेथील घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. १८९४ साली राज्यकारभार हाती आला, तेव्हा संस्थानातील वरच्या नोकऱ्या बहुतांशी एकाच वर्गाकडे होत्या. नुसत्या शाळांनी हे पालटणारे नव्हते. खेड्यातल्या मुलाने शहरात राहावे कोठे? म्हणून १९०१ पासून वसतिगृहे निघाली. ती जातवार होती, हे आज आम्हांस खटकते. शिकून पुढे काय? म्हणून १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. तरी अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्याच होत्या. १९१९ साली त्या बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. आम्ही हाच हुकूम सर्वांत मोठा मानतो. तीन वर्षांच्या आत, ६ मे १९२२ रोजी, महाराज निवर्तले.