हिज्कीया राजा व यरुशलेमाचें पाणी

यहूदाच्या गादीवर बसलेल्या राजांत हिज्कीयाइतकी स्तुति शास्त्रांत फारच थोड्यांची झाली आहे. वयाच्या 25 व्या वर्षीं तो राजा झाला व त्यानें 29 वर्षें राज्य केलें. बाप आहाज मूर्तींच्या नादीं लागलेला. मुलानें उच्चस्थानें मोडलीं, आणि मोशेनें केलेला पितळी साप, ज्यापुढें लोक धूप जाळीत, तोहि फोडून टाकला. पूर्वजांपासून चालत आलेली पूज्य वस्तु मोडतांना हात किती कांपतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

इ. स. पूर्वी 722 च्या सुमारास शोमरोन पडलें व उत्तरेचें इस्राएल राज्य बुडालें. पुढें हिज्कीयानें अश्शूराचें जूं झुगारून दिलें, तेव्हां इ. स. पूर्वी 701 मध्यें सन्हेरीब राजा चालून आला. आपण 46 तटबंदीचीं शहरें घेतलीं, असें त्याच्या लेखांत आहे. हिज्कीया घाबरला. स्वतःच मढविलेल्या मंदिराच्या दारांचें सोनें त्यानें काढविलें, आणि 300 किक्कार रुपें व 30 किक्कार सोनें शत्रूस दिलें. शास्त्रानें हें झांकलें नाहीं. आम्हीहि झांकीत नाहीं.

तरी या राजाचें एक काम अद्यापि पाहावयास मिळतें. गीहोनाचा झरा तटाच्या बाहेरच्या बाजूस, खालीं दरीच्या उतारावर होता. वेढा पडल्यास पाणी शत्रूस व तहान नगरास, अशी भीति. म्हणून बाहेरचें पाणी बुजवून, खडकांतून बोगदा खोदून तें आंत तळ्यांत आणिलें. बोगदा वांकडातिकडा, सुमारें 533 मीटर लांबीचा आहे. दोन टोळ्या दोन टोंकांकडून खोदीत आल्या. शेवटीं खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकूं आले व कुदळीस कुदळ भिडली. ज्यानें विहिरीचा खडक फोडला आहे त्यास तो आनंद कळेल. ही हकीकत बोगद्याच्या भिंतीवर कोरलेली 1880 सालीं सांपडली; तो लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयांत आहे. त्यांत राजाचें नांव नाहीं, खोदणाऱ्यांचीच गोष्ट आहे.

सोनें घेऊनहि शत्रूचें समाधान झालें नाहीं. त्याचें धमकीचें पत्र आलें, तें राजानें मंदिरांत परमेश्वरापुढें पसरलें. यशया संदेष्ट्यानें धीर दिला. हिज्कीयास पिंजऱ्यांतल्या पांखरासारखें कोंडल्याची बढाई सन्हेरीब मारतो. पण यरुशलेम घेतल्याचें त्याच्या लेखांत कोठेंहि नाहीं.

हिज्कीयामागें त्याचा मुलगा मनश्शे 12 व्या वर्षीं राजा झाला. बापानें मोडलेलीं उच्चस्थानें त्यानें पुन्हा बांधलीं.