सरोजिनी चट्टोपाध्याय यांचा इटलीप्रवास : परतीपूर्वीचे एक पर्व

सरोजिनी नायडू यांच्या काव्याची जडणघडण सांगताना अभ्यासक प्रायः दोन स्थळांपाशी थांबतात : हैदराबाद आणि लंडन. पहिल्याने विषय दिला, दुसऱ्याने काव्यभाषेचा संस्कार दिला, ही मांडणी सोयीची आहे आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. मात्र या दोहोंच्या मध्ये एक तिसरे स्थळ येते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंग्लंडमधील विद्यार्थिदशेत, मायदेशी परतण्यापूर्वी, सरोजिनींनी इटलीत प्रवास केला. चरित्रग्रंथांतून त्याची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते. या प्रवासातून स्वतंत्र पुस्तक निर्माण झाले नाही. त्याचे स्वरूप कळते ते मुख्यतः काही पत्रांच्या तुकड्यांमधून, आणि हे तुकडेही आर्थर सायमन्स या इंग्रज कवीने १९०५ साली 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत वेचून दिले म्हणून उपलब्ध झाले. साधन तुटपुंजे असले, तरी सरोजिनींच्या काव्यदृष्टीत जो पालट झाला त्याची उकल करण्यास ते उपयोगी पडते.

सरोजिनींचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबादेत झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे एडिंबरो विद्यापीठाचे विज्ञानातील डॉक्टर. हैदराबादेतील आधुनिक महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया त्यांनी घातला. आई वरदासुंदरी बंगालीत गीते रचीत. घरची भाषा बंगाली, गावची उर्दू आणि तेलुगू, शिक्षणाची इंग्रजी, अशा वातावरणात वाढलेल्या या मुलीने बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा उत्तीर्ण केली. तेराव्या वर्षी तिने तेराशे ओळींचे एक दीर्घ काव्य लिहिले. पुढे आजारपणात पुस्तकांना हात लावण्यास मनाई झाली, तेव्हा डॉक्टरांवरच्या रागापोटी दोन हजार ओळींचे एक नाटकही लिहून काढले.

इंग्लंडला जाणे मात्र तिच्या इच्छेचे नव्हते. डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी विवाह करण्याचा तिचा निश्चय झाला होता. ते ब्राह्मण नव्हते, आणि विरोध दोन्ही घरांतून झाला. १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर तिला परदेशी धाडण्यात आले. पुरोगामी म्हणून ख्याती असलेल्या ब्राह्मो घरातही जातीचा प्रश्न विवाहाच्या उंबरठ्याशी येऊन कसा अडतो, याचे हे एक बोलके उदाहरण होय. शिष्यवृत्तीच्या गौरवामागची ही सक्ती ध्यानात घेतल्यावाचून पुढील तीन वर्षांचा अर्थ लागत नाही. लंडनचे किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचे गर्टन कॉलेज, तेथे पुन्हा ढासळलेली प्रकृती, असा हा कालखंड आहे. पदवी न घेताच तो संपला.

लंडनमध्ये एडमंड गॉस यांनी तिच्या कविता वाचल्या. रचना सफाईदार होती, पण तिच्यात वावरत होते ते इंग्लंडमधले पक्षी आणि इंग्लंडमधली खेडी. हे सारे टाकून द्यावे आणि आपल्या भूमीचे डोंगर, फुले, माणसे, देवदेवता यांना शब्दरूप द्यावे, असा सल्ला गॉस यांनी दिला. १९१२ च्या 'द बर्ड ऑफ टाइम' या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली आहे. सरोजिनींच्या कवितेला भारतीय वळण लागले ते या सल्ल्यामुळे, असे तेव्हापासून मानले जाते. परंतु सल्ला आणि दृष्टी या दोन भिन्न गोष्टी आहेत. काय टाकावे हे सांगता येते. आपल्या भूमीकडे पाहावे कसे, हे सांगून येत नाही. शिवाय या सल्ल्यात इंग्रज वाचकाच्या अपेक्षेचा भाग मोठा होता. पूर्वेकडील कवीने पूर्वेचे रंग पुरवावेत, अशी ती अपेक्षा होती. इटलीच्या पत्रांचे मोल येथे जाणवू लागते.

या पत्रांत फ्लॉरेन्स आणि त्याच्या ईशान्येस असलेली फिएसोलेची टेकडी ही दोन स्थळे ठळक आहेत. मे महिन्याचे दिवस आहेत. सारी इटली तिला सोनेरी भासते : पहाटेचा प्रकाश, दुपारचे ऊन, रात्रीच्या चांदण्या, आणि सुगंधी अंधारात नाचणारे काजवे. काजव्यांनी तर तिला वेडच लावले. त्यांच्या अकस्मात चमकून विझण्याची अनियमित लय कवितेच्या छंदात पकडता येईल का, याचा ती विचार करते. एका काळोख्या रात्री ती बागेत उभी असता काजवे तिच्या केसांत अडकले, आणि आपण मनुष्ययोनीतले नाहीच, असे तिला क्षणभर वाटले. एवढ्याशा गोष्टींनी आपण इतके का हेलावतो, असा प्रश्नही ती स्वतःला करते आणि त्याचे उत्तर स्वतःचीच थट्टा करून देते. मृगाच्या तोंडावर सह्याद्रीच्या कुशीत काजव्यांनी लखलखलेले झाड ज्याने पाहिले आहे, त्याला ही अवस्था अपरिचित वाटणार नाही.

येथे मुद्दा निसर्गसौंदर्याचा नाही. इंग्लंडमधला चंडोल तिला पुस्तकातून मिळाला होता. हा काजवा डोळ्यांनी मिळाला, आणि मिळताच तो छंदाचा प्रश्न होऊन उभा राहिला. 'द गोल्डन थ्रेशोल्ड'मधील 'क्रेडल साँग' या अंगाईगीतात काजवे पुन्हा येतात. तेथे ते कडुनिंबाच्या झाडाभोवती नाचतात, आणि आजूबाजूला भाताची शेते व कमळांचा ओढा आहे. टस्कनीच्या बागेतले काजवे कडुनिंबापाशी आले, असे सरळ समीकरण मांडणे धाडसाचे होईल. कारण काजवे तिने बालपणी घरीही पाहिले असणार. पण परक्या भूमीत त्यांच्याकडे टक लावून पाहण्याची सवय जडली आणि तीच सवय घरी परतल्यावर उपयोगी पडली, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

अर्थात या इटलीतही सारेच प्रत्यक्ष नव्हते. फिएसोलेच्या करड्या उतारांवर, ऑलिव्हच्या झाडांखाली, तिला एट्रुस्कन देव बसलेले दिसतात. फिएसोले हे मूळचे एट्रुस्कन नगर. त्याच्या तटाचे प्रचंड दगड आजही तेथे आहेत. तरीही हे देव दगडांमधून आलेले नाहीत. ते एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कवितेमधून आलेले आहेत. कीट्स १८२१ मध्ये रोममध्ये वारला, शेली १८२२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग १८६१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये निवर्तली. या मृत्यूंनीही इंग्रजी काव्यरसिकाच्या मनात एक इटली घडवली होती, आणि सरोजिनी तिच्यातूनच चालत होती. मायकेल मधुसूदन दत्त यांच्याशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. व्हर्सायच्या वास्तव्यात त्यांनी पेत्रार्काचा सॉनेट हा रचनाबंध उचलला आणि तो बंगालीत रुजविला. पुढे केशवसुतांनी १८९२ मध्ये तोच रचनाबंध इंग्रजीच्या वाटेने मराठीत आणला. सरोजिनींनी इटलीकडून रचनाबंध घेतला नाही, आणि भाषाही बदलली नाही. त्यांनी घेतली ती पाहण्याची रीत.

पत्रांचा दुसरा धागा माणसांचा आहे, आणि तो अधिक मोलाचा आहे. आर्नो नदीकाठच्या काशिने उद्यानात नटूनथटून फिरणाऱ्या युरोपीय स्त्रिया ती न्याहाळते. त्यांच्या विभ्रमांतील कसब तिला जाणवते, काहीसे कोड्यात टाकते. त्या तिला लहान मुलीसारखे गोंजारतात, आणि त्या वेळी ती मनातल्या मनात त्यांच्या आयुष्यातील रितेपणाविषयी खंत करीत असते. एकोणीस-वीस वर्षांच्या आतली ही मुलगी येथे पाहिली जाणारी वस्तू राहत नाही. ती पाहणारी होते. मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे वेचे निवडणाऱ्या सायमन्सला पूर्वेकडील प्रौढ, ज्ञानी स्त्रीचे चित्र उभे करावयाचे होते. त्यामुळे न निवडलेल्या पत्रांत तिचे निव्वळ कुतूहल किंवा मौजही असणे शक्य आहे.

इटलीतील भिक्षूंच्या शांत मुद्रा पाहून आपणही संन्यस्त व्हावे, निर्वाणाची शांती मिळवावी, असे तिला एके ठिकाणी वाटून जाते. पण बाहेर उन्हात येताच, रस्त्यावरच्या लगबगीच्या माणसांचे अनुभवांनी कोरलेले चेहरे दिसताच, ती हा विचार निक्षून झिडकारते. हे रंगीत, अस्वस्थ मानवी जीवन जाणूनबुजून सोडायचे कसे, हा तिचा प्रश्न आहे. घरी परतल्यावर काय वाट्याला येणार होते हे तिला ठाऊक होते : जातीबाहेरचा विवाह, त्यावरून उठणारे वादळ, आणि प्रकृतीची अनिश्चिती. संन्यासाचे ते आकर्षण आणि त्याचा तो नकार या पार्श्वभूमीवर वाचला, की त्यातील भाबडेपणा ओसरतो.

१८९८ च्या सप्टेंबरमध्ये ती हैदराबादेस पोहोचली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जन्मलेला धाकटा भाऊ हरींद्रनाथ तेव्हा काही महिन्यांचा होता. डिसेंबरात मद्रास येथे १८७२ च्या तिसऱ्या कायद्यान्वये तिचा डॉ. नायडूंशी विवाह झाला. विधी आंध्रातील समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम् यांनी चालविला. तीन वर्षांपूर्वी जो निश्चय मोडण्यासाठी तिला पाठविण्यात आले होते, तो तिने परत येऊन तीन महिन्यांच्या आत पुरा केला.

पुढील सात वर्षांत लिहिलेल्या कवितांपैकी 'पालन्क्विन बेअरर्स', 'स्ट्रीट क्राइज', 'नाइटफॉल इन द सिटी ऑफ हैदराबाद' यांत रस्ता, फेरीवाले, पालखीचे भोई आणि संध्याकाळचे शहर आहे. या कवितांवर पुढे असा आक्षेप आला, की कवयित्री स्वतःच्याच गावात प्रवाशासारखी हिंडते, आणि बाजारातील दारिद्र्य तिला दिसत नाही. आक्षेप निराधार नाही. पाहण्याची जी रीत सुटीतल्या प्रवासात अंगवळणी पडली, तिच्यात सुटीतले सुखही मिसळलेले होते, आणि ते या कवितांत उतरले. परंतु 'द गोल्डन थ्रेशोल्ड'ची अखेरची कविता कमलासनस्थ बुद्धाला उद्देशून आहे, आणि तीत भिक्षूंच्या दर्शनाने उठलेला तोच प्रश्न परत येतो : त्या शांतीपर्यंत पोहोचायचे कसे, आणि रोजच्या जगण्याची तगमग मागे टाकायची कशी. इटलीतील पत्रात उत्तर चटकन मिळाले होते. हैदराबादेत, संसार आणि आजारपण यांत लिहिलेल्या या कवितेत ते मिळत नाही.