श्लोकास श्लोक : वामन पंडित

उज्जैनच्या उत्तरेला शिप्रेकाठी भैरवगढ आहे. कालभैरवाच्या दर्शनाला येणारे बरेच यात्रेकरू भर्तृहरीच्या गुंफाही पाहून जातात. राज्य सोडून वैरागी झालेला राजा भर्तृहरी इथे तपाला बसला, अशी लोकांची श्रद्धा. नीती, शृंगार आणि वैराग्य ही तीन संस्कृत शतकं परंपरा त्याच्याच नावावर सांगते. संस्कृत न येणाऱ्या मराठी माणसाच्या घरात मात्र हा भर्तृहरी पोचला तो वामन पंडितांच्या तोंडून.

वामन पंडितांचा काळ साधारण १६०८ ते १६९५. विद्वत्तेसाठी नावाजलेल्या शेष घराण्यातले ते. चरित्रकार सांगतात की त्यांचं शिक्षण काशीला झालं, आणि पांडित्याचा अभिमानही त्यांना भरपूर होता. आख्यायिका तर अशी की वादात जिंकण्यासाठी ते भर दिवसा मशाली पेटवून गावोगाव फिरत. सुरुवातीला मराठीत लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटे, रामदासांच्या भेटीनंतर ते मराठीकडे वळले, असंही सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरतेच. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितानं आपली बरीच शक्ती दुसऱ्यांचं म्हणणं मराठीत पुन्हा सांगण्यात घालवली. भर्तृहरीची शतकं, जगन्नाथ पंडिताची गंगालहरी आणि भगवद्‌गीता त्यांनी समश्लोकी केली, म्हणजे मूळच्या एका श्लोकाला मराठीत एकच श्लोक.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नीतिशतकातला वाळूतून तेल काढण्याचा श्लोक तुम्ही शाळेत ऐकला असेल. वाळू रगडून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन काही वळणार नाही. वामनांनी या चारही गोष्टी त्याच क्रमानं ठेवल्या. मूळ श्लोक पृथ्वी वृत्तात आहे, वामनांचा शिखरिणीत. अक्षरं दोन्हीकडे ओळीला सतराच, चाल मात्र बदलली. मूळचा मूर्ख नुसता मूर्ख नाही, तो हटून बसलेला मूर्ख आहे. वामनांच्या श्लोकात हा हट्ट गळला आणि मूळात नसलेला 'क्षणभर' आत आला. अर्थ पोचला, पण थोडं सांडलं आणि थोडं भरलं. वामनांना यमकाची इतकी हौस होती की लोक त्यांना 'यमक्या वामन' म्हणत. त्यामुळे अशी भर पडायचीच. तरीही मराठी माणसाच्या जिभेवर बसला तो हाच श्लोक.

खरा पेच गीतेचा होता. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता सांगून ठेवली होती, सुमारे ९,००० ओव्यांत. तिचं नाव भावार्थदीपिका. एवढं सगळं झाल्यावर पुन्हा गीता सांगायची कशाला? वामनांचं उत्तर त्यांच्या टीकेच्या नावातच आहे : यथार्थदीपिका. भाव सांगून झाला, आता शब्दाला धरून, जसा आहे तसा अर्थ सांगायचा. ज्या ग्रंथाला लोक माउली मानतात, त्याच्याशेजारी असं नाव घेऊन उभं राहायला धाडस लागतं. पण गंमत बघा, 'जसा आहे तसा' अर्थ सांगायला त्यांना सुमारे २२,००० ओव्या लागल्या! आणि त्यातून त्यांचा स्वतःचा, सगुण भक्तीकडे झुकलेला विचार काही लपला नाही. तीच गीता समश्लोकीत त्यांनी सातशे श्लोकांत बसवली. म्हणजे ग्रंथ एक, सांगणारा एक आणि मापं दोन.

वाईजवळच्या भोगावात त्यांची समाधी आहे. पुढच्या मराठी रसिकांनी श्लोकाचा मान वामनांना दिला. यथार्थदीपिका अभ्यासकांपुरती राहिली, ज्ञानेश्वरी मात्र घराघरात वाचली जाते. यावरून वामन हरले असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. अर्थ पुन्हा सांगताना काय सोडायचं आणि काय घालायचं हे सांगणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ते टाळता येत नाही, हे त्यांच्या दोन गीता शेजारी ठेवल्या की उघड दिसतं. परीक्षेत 'सरळ अर्थ लिहा' असा प्रश्न आला की आपण तो चार गुणांचा सोपा प्रश्न समजतो. वामन पंडितांचं निम्मंअधिक आयुष्य त्याच प्रश्नावर गेलं.