सिंदखेडचे राजे लखुजीराव जाधव

आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवासाठी अफाट जनसमुदाय लोटतो. त्याच गावी जिजाऊंचे पिताश्री लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी आहे. तिकडे मात्र थोडीच पावले वळतात.

देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणारे हे घराणे सिंदखेडचे देशमुख. लखुजीराव निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. पुढे ते मोगलांकडे गेले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूने, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने उभे होते. माहेर व सासर असे समोरासमोर पाहताना जिजाऊंना काय वाटले असेल! लखुजीरावांच्या पक्षांतरास आज नावे ठेवली जातात. परंतु ज्यास वतन राखून पदरच्या शिपायांचे पोट भरावयाचे, त्याचा हिशेब गादीवर बसून तपासणे सोपे असते.

पुढे ते निजामशाहीत परतले आणि तोच विश्वास जिवावर बेतला. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात दरबारास गेले असता त्यांची दगाबाजीने हत्या झाली. पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. एका दिवसात तीन पिढ्या! त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी सोडली. जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

२०२४ मध्ये समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्यास तेथे जमिनीखाली शेषशायी विष्णूची पाषाणमूर्ती सापडली, तेव्हा या स्थळाचे नाव वृत्तपत्रांत झळकले.