न्यायमूर्ती रानडे : श्रद्धा, विश्वास आणि बुद्धी

श्रद्धा, विश्वास आणि बुद्धी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज योजतो. त्यांतील भेद ज्यांच्या चरित्रात उघड दिसतो असे एक पुरुष म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे ते पुढे आधारस्तंभ झाले. मूर्तिपूजा, अवतार, चमत्कार त्यांच्या बुद्धीस पटले नाहीत. देवळाच्या पत्रिकेत हे वाचून काही वाचकांस खटकेल. परंतु हाच पुरुष पहाटे तुकोबांचे अभंग म्हणताना देहभान विसरत असे. ईश्वर न्यायी व दयाळू आहे हे त्यांनी तर्काने सिद्ध करून मग मानले नव्हते. ती त्यांची श्रद्धा होती, आणि बुद्धीशी तिचे वैर नव्हते.

विश्वासाची गोष्ट निराळी. तो माणसामाणसांतला व्यवहार आहे, आणि तेथेच त्यांची खरी परीक्षा झाली. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे असून विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. आता हा विधवेशी विवाह करील, या धास्तीने वडील गोविंदरावांनी त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न ठरविले. माधवरावांनी परोपरीने विनविले, पण अखेर वडिलांचे मन त्यांच्याने मोडवेना. सुधारक मंडळींनी टीकेची झोड उठविली. ती अन्यायाची होती असे मला म्हणवत नाही. त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून जे पुढे आले होते, त्यांनी पाहावे कोणाकडे? येथे बुद्धीला हार खावी लागली ती श्रद्धेपुढे नव्हे, पितृभक्तीपुढे.

त्या मुलीस, म्हणजे रमाबाईंस, त्यांनी स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविले, पुढे इंग्रजीही. घरातील वडीलधाऱ्या बायकांस ते मुळीच रुचले नाही. दिवसा त्यांचे टोमणे सोसावे आणि रात्री धडे गिरवावे, असा रमाबाईंचा क्रम कित्येक वर्षे चालला. सोसणे मात्र एकट्या त्यांच्या वाट्याचे होते.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले व शहरभर बोभाटा झाला. आपण काही पाप केले असे रानड्यांना वाटत नव्हते. तरी बहिष्काराने मित्रांच्या घरी हाल होऊ लागले, तेव्हा १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. पुन्हा तोच दोष म्हणावा, की तोच गुण? पुण्यात त्यावर पुष्कळ वाद झाला.

१८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. १९०९ साली पुण्यात स्त्रीशिक्षणासाठी सेवासदन उभे राहिले, त्यात रमाबाई अग्रभागी होत्या. पुढल्याच वर्षी त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. घरातील ते टोमणे व ते धडे, दोन्ही त्यात आले आहेत.